मुळांच्या गाठी आणि एका पुडीतले जिवाणू: भरीताच्या वांग्याच्या एका वावराचं प्रकरण

यावल तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्यापासून फार लांब नसलेलं हे एक एकराचं वावर. जमीन पोयट्याची, जरा रेताड, पाणी चटकन पिऊन घेणारी. आधी तिथे केळी होती, लागण आणि दोन खोडवे. केळी मोडल्यावर आप्पांनी भरीताची वांगी लावली. बियाणं घरचं, त्यांच्या वडिलांनी राखलेलं: हिरवट, पांढऱ्या रेघांचं, भाजलं की साल अलगद सुटणारं. जळगावच्या केळीला आणि भरीताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण आप्पांच्या घरात या बियाण्याचा मान त्याच्या कितीतरी आधीपासूनचा. चंपाषष्ठीपासून पुढे दोन-अडीच महिने त्यांच्या वांग्याला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही.

मी याच भागात पीक सल्ल्याचं काम करतो. इथे लिहितोय ते दोन हंगामांचं आहे. पहिल्या हंगामात आम्ही हरलो आणि त्यातली एक मोठी चूक माझी होती, म्हणून तो हंगाम जरा सविस्तर सांगतो.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आप्पांचा फोन आला. "भाऊ, वांगी दुपारी मान टाकताहेत. सांजेला पुन्हा उभी राहतात. मर आली का काय, बघून जा." मी गेलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. वावरात तीन-चार ठिकाणी गोल चट्टे पडल्यासारखे दिसत होते. त्या चट्ट्यांतली झाडं बुटकी, पानं फिकट, जणू खत मिळालंच नाही अशी. चट्ट्याबाहेरची झाडं कमरेला लागत होती. ठिबक चालू होतं, ओल पुरेशी होती, तरी पानं लोंबत होती.

मर म्हटली की आधी जिवाणूजन्य मर तपासायची. कोमेजलेल्या झाडाचा वीतभर बुडखा कापून स्वच्छ पाण्याच्या काचेच्या पेल्यात लटकवला. ही मर आणणारा रालस्टोनिया जिवाणू असेल तर काही मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधासारखी धार खाली उतरते. पाव तास बसून राहिलो, पाणी नितळच राहिलं. मग कुदळीने बाजूची माती मोकळी करून एक झाड अख्खं काढलं. हिसडा देऊन उपटलं तर बारीक मुळ्या तुटून मातीतच राहतात आणि जे बघायचं तेच हातून निसटतं. मुळं बादलीत हलक्या हाताने धुतली आणि आप्पांच्या हातात दिली.

मुळी कुठली आणि गाठ कुठली हे कळू नये इतकं ते जाळं सुजलेलं होतं. बारीक मुळ्यांवर माळेत ओवल्यासारखे मणी, जाड मुळ्यांवर आल्याच्या गड्ड्यासारखे फुगवटे. आप्पा म्हणाले, "तुरीच्या मुळालाही गाठी असतात. त्या तर चांगल्या म्हणता ना तुम्ही?" प्रश्न अगदी बरोबर होता. तुरीची, हरभऱ्याची गाठ मुळीला बाहेरून चिकटलेली असते, नखाने खरवडली की सुटून येते आणि फोडली तर आत गुलाबी निघते. ही गाठ सुटत नाही, कारण ती मुळीच सुजलेली आहे. एक गाठ ब्लेडने उभी चिरली, भिंगाखाली धरली आणि सुईच्या टोकाने आतला एक कण बाहेर काढला. मोत्यासारखा पांढरा, नासपतीच्या आकाराचा, मोहरीपेक्षा कितीतरी लहान. ती सूत्रकृमीची, म्हणजे मुळांत राहणाऱ्या धाग्यासारख्या बारीक कृमीची, मादी. तिच्या मागच्या टोकाशी तपकिरी डिंकासारखा थेंब होता, त्यात तिची अंडी.

या जातीला मुळांवर गाठी करणारी सूत्रकृमी म्हणतात, शास्त्रीय नाव मेलॉइडोगायने. अंड्यातून निघालेलं पिल्लू मिलिमीटरच्या निम्म्याहूनही कमी लांबीचं असतं, नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. ते मुळीच्या टोकामागून आत शिरतं, एका जागी बसतं आणि तिथल्या काही पेशींना फुगवून आपलं ताट करून घेतं. पाणी वर नेणाऱ्या नळ्या तिथे दबतात, म्हणून ओल असूनही झाड दुपारी कोमेजतं. उबदार मातीत साधारण महिनाभरात एक पिढी पूर्ण होते आणि एक मादी तीनशे ते पाचशे अंडी घालते. भरीताचं वांगं शेतात सहा-सात महिने उभं असतं. हिशेब कुणीही करावा.

आप्पांचं पहिलं वाक्य होतं, "फोरेट मारून टाकू." या पट्ट्यात वर्षानुवर्षं तोच उपाय होता. फोरेटवर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे आणि ती असायलाच हवी. ते अत्यंत विषारी औषध आणि वांगं दर चार-पाच दिवसांनी तोडून थेट लोकांच्या चुलीवर जाणारं पीक. हे मी त्यांना जरा चढ्या आवाजातच सांगितलं. काकू ओट्यावर होत्या. त्या म्हणाल्या, "आपलीच नातवंडं खातात हे भरीत." विषय तिथे संपला.

मग मी सुचवलं, जिवाणू. स्यूडोमोनास फ्लुओरेसन्सची पावडर ठिबकमधून सोडू आणि झाडाच्या बुडाशी आळवणी करू, म्हणजे पाण्यात कालवून ओतू. इथे चुकलो.

आठवड्याने पुन्हा गेलो, मग आणखी दोन आठवड्यांनी गेलो, फरक शून्य. नोव्हेंबरात चट्टे एकमेकांना जाऊन मिळाले आणि डिसेंबर अखेरीला, ऐन भरीताच्या दिवसांत, आप्पांनी निम्मं वावर मोडलं. चंपाषष्ठीला त्यांच्या घरी रोडग्याबरोबर बाजारातलं वांगं आलं. मला ते फार लागलं.

काय चुकलं ते शोधायला जानेवारीत बसलो. तीन गोष्टी सापडल्या.

पहिली, पुडी. आप्पांनी ती एप्रिलमध्येच, दुकानात सूट होती म्हणून आणून ठेवली होती आणि ती राहिली पत्र्याच्या खोलीत, डिझेल पंपाशेजारी. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. पत्र्याखाली काय होत असेल ते हात लावून बघण्याचीही गरज नाही. स्यूडोमोनास बीजाणू, म्हणजे टणक कवचातलं झोपलेलं रूप, करत नाही. तो पावडरमध्ये उघडाच जगत असतो, तापला की मरतो. एका ओळखीच्या शिक्षकांच्या प्रयोगशाळेत ती उरलेली पुडी आणि दुकानातून आणलेली ताजी पुडी शेजारी-शेजारी लावली. किंग्ज बी नावाच्या खाद्यावर हा जिवाणू वाढवला आणि अतिनील दिव्याखाली धरला की पिवळसर हिरवा चमकतो, त्याच्या नावातच ती चमक आहे. ताज्या पुडीची ताटली अंधारात काजव्यांनी भरल्यासारखी दिसत होती. आप्पांच्या पुडीच्या ताटलीत तुरळक ठिपके. वेष्टनावर ग्रॅमला दहा कोटी जिवाणू लिहिलेले असतील, पण ती गणती पुडी भरतानाची असते.

दुसरी, तांबं. मर समजून गावातल्या कुणीतरी आप्पांना कॉपर ऑक्सिक्लोराईड आणि प्रतिजैविकाची पावडर एकत्र आळवायला सांगितली होती. आप्पांनी ती आळवणी माझ्या आळवणीनंतर तिसऱ्या दिवशी केली आणि मला सांगायचं राहून गेलं. मीही विचारलं नाही. जिवाणू मारण्यासाठीच बनवलेली औषधं त्यांनी, आणि मरू नयेत म्हणून जपायचे जिवाणू मी, एकाच झाडाच्या बुडाशी ओतले.

तिसरी, वेळ. ही माझी चूक. मादी मुळीत बसून अंडी घालायला लागली की ती चारही बाजूंनी वांग्याच्याच पेशींनी वेढलेली असते. बाहेरच्या मातीत सोडलेला स्यूडोमोनास तिच्यापर्यंत पोचत नाही. त्याचं काम त्याआधीचं आहे. तो मुळीच्या पृष्ठभागावर आधी जागा धरतो, काही प्रतिजैविक द्रव्यं सोडतो, अंडी फुटण्यात अडथळा आणतो, मुळीतून झिरपणाऱ्या ज्या द्रव्यांच्या वासावर पिल्लू येतं ती बदलतो आणि झाडाची स्वतःची प्रतिकारयंत्रणा जागी करतो. म्हणजे पिल्लू मुळीपाशी येण्याआधी जिवाणू तिथे मुरलेला हवा. आणि आप्पांच्या वांग्याची मुळी पिल्लाला पहिल्यांदा कुठे भेटली होती? वावरात नव्हेच. विहिरीजवळच्या त्या गादीवाफ्यात, जिथे ते दर वर्षी त्याच जागी रोपं टाकतात. वाफ्याच्या कडेला उरलेली दोन-चार रोपं उपटून पाहिली. गाठी.

सूत्रकृमी स्वतःच्या अंगाने वर्षाकाठी जेमतेम मीटरभर सरकते. बाकीचा सगळा प्रवास आपण करून देतो: रोपांबरोबर, नांगराच्या फाळाला चिकटलेल्या मातीतून, पाटाच्या पाण्यातून. त्या वावरात केळीच्या मुळांवरही ती असणारच, पण प्रत्येक सरीत हाताने नेऊन लावली ती रोपांनी.

याच सुमारास एक अनपेक्षित गोष्ट दिसली. वावराच्या वायव्य कोपऱ्यातल्या मातीचा नमुना आम्ही जाळीवर पातळ कागद घालून पाण्यावर रात्रभर ठेवला. जिवंत पिल्लं त्यातून खाली उतरतात. सूक्ष्मदर्शकाखाली ती पारदर्शक धाग्यांसारखी वळवळत होती. त्यातलं एक मात्र वेगळं होतं. त्याच्या अंगावर बारीक गोल टिकल्या चिकटल्या होत्या, पाच-सहा, बशीवर वाटी ठेवावी तशा. शिक्षकांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "पाश्चुरिया."

पाश्चुरिया पेनेट्रान्स हा सूत्रकृमीवरच जगणारा जिवाणू. त्याची गोष्ट मजेशीर आहे. १८८८ साली मेचनिकोव्हने पाण्यातल्या पिसवांमध्ये या कुळातला पहिला जिवाणू पाहिला आणि लुई पाश्चरच्या नावावरून कुळाला नाव दिलं. सूत्रकृमीतला हा जिवाणू मात्र पुढे कित्येक दशकं एकपेशीय प्राणी म्हणून नोंदला जात होता. तो जिवाणू आहे हे १९७५च्या सुमारास पक्कं झालं. मातीत तो बीजाणू म्हणून पडून असतो, ऊन-कोरड सोसत. पिल्लू शेजारून गेलं की बीजाणू त्याच्या कातडीला चिकटतो. पिल्लू मुळीत शिरून खायला लागलं की बीजाणूला अंकुर फुटतो, तो मादीच्या अंगात पसरतो आणि तिच्या अंडी घालण्याच्या जागी स्वतःचेच वीस लाखांच्या आसपास बीजाणू भरतो. मादी मोठी होते, पण तिच्यातून अंडी येत नाहीत. ती मुळीबरोबर कुजली की तेवढे बीजाणू परत मातीत. अडचण एवढीच की हा जिवाणू सूत्रकृमीशिवाय वाढवणं फार अवघड, त्यामुळे स्यूडोमोनाससारखा तो आमच्या तालुक्याच्या दुकानात पुडीत मिळत नाही. पण एकाच जमिनीत तेच पीक वर्षानुवर्षं घेतलं तर तो आपोआप वाढत जाऊ शकतो. त्या कोपऱ्यात आप्पांच्या वडिलांच्या काळापासून वांग्याची चार-दोन झाडं घरापुरती असायचीच, केळी असतानाही.

दुसऱ्या हंगामाची सुरुवात आम्ही मे महिन्यात केली, वाफ्यापासून. जे ऊन पुडीतल्या जिवाणूला मारतं तेच वाफ्यातल्या सूत्रकृमीलाही मारतं. जुना वाफा सोडून नवी उंच जागा घेतली, माती भुसभुशीत केली, भरपूर पाणी दिलं, वर पातळ पारदर्शक प्लास्टिक ताणून कडा मातीत गाडल्या. पाच आठवडे. आप्पा रोज दुपारी त्या प्लास्टिकवर हात ठेवून बघायचे आणि चटका बसला की समाधानाने मान हलवायचे. मोठं वावर मे महिन्यात दोनदा खोल नांगरून उघडं टाकलं, वायव्य कोपरा सोडून.

शेणखताचं काम झाडाखाली, सावलीत झालं. एक टन चांगलं कुजलेलं शेणखत, त्यात दोन किलो ताजा स्यूडोमोनास, वर निंबोळी पेंड, ओलं पोतं झाकलेलं. पंधरा दिवस रोज थोडं पाणी शिंपडायचं आणि दोन-तीनदा खालीवर करायचं. यात जिवाणू शेणखतावर वाढून पुडीतल्यापेक्षा कितीतरी पटीने होतो. पुड्या या वेळी आप्पांनी आदल्या संध्याकाळी आणल्या, ओल्या गोणपाटात गुंडाळून, मोटरसायकलच्या डिकीत न टाकता.

वाफ्याचं प्लास्टिक काढल्यावर आठवडा जाऊ दिला, मग चौरस मीटरला पन्नास ग्रॅम याप्रमाणे स्यूडोमोनास मातीत मिसळला आणि बी टाकलं. क्रम महत्त्वाचा: आधी ऊन, मग जिवाणू. उलटं केलं तर आपलेच जिवाणू भाजून निघतात. लागणीच्या वेळी रोपांची मुळं अर्धा तास स्यूडोमोनासच्या पाण्यात बुडवली आणि सरीत रोपामागे ओंजळभर ते मुरवलेलं शेणखत. सोबत बॅसिलस सबटिलिसही घेतला. बॅसिलस बीजाणू करतो, त्यामुळे ऑक्टोबरचा चटका आणि ठिबकच्या नळीतलं तापलेलं पाणी तो जास्त सोसतो. बीटी कापसाचा बीटी याच बॅसिलसच्या घराण्यातला, आणि बीटीच्या काही जातींची प्रथिनं अळ्यांऐवजी सूत्रकृमींना मारतात हे प्रयोगशाळेत दिसलेलं आहे. आप्पांना हे सांगितल्यावर त्यांचा जिवाणूंवरचा विश्वास एकदम वाढला, इतकी वर्षं कापूस घेतलेला माणूस.

एका गोष्टीवर मात्र आमचं वाजलं. मला चार सऱ्या जिवाणूंशिवाय हव्या होत्या, नाहीतर फरक कशाने पडला हे कळणार कसं? आप्पा म्हणाले, "मुद्दाम आजारी ठेवायच्या सऱ्या? लोक काय म्हणतील?" दोन दिवस बोलणं बंद होतं. शेवटी काकूंनीच मार्ग काढला: रस्त्यापासून लांबच्या, नाल्याकडच्या चार सऱ्या घ्या, तिथे कुणी बघत नाही. रोपं त्याही सऱ्यांत नव्याच वाफ्यातली, पण बुडवणी आणि शेणखतातला जिवाणू नाही.

नोव्हेंबरमध्ये, मग फेब्रुवारीत, दोन्हीकडची झाडं कुदळीने काढून मुळं धुतली. गाठींना ० ते ५ गुण देण्याची पद्धत आहे. एकही गाठ नसली तर ०, शंभराहून जास्त असल्या तर ५. जिवाणूंच्या सऱ्यांत नोव्हेंबरला बहुतेक झाडं १ आणि २ वर होती, चार सऱ्यांत ३ आणि ४ वर. फेब्रुवारीपर्यंत जिवाणूंच्या बाजूलाही गाठी वाढल्या, पण मुळ्यांचं जाळं जिवंत होतं, पांढऱ्या नव्या मुळ्या फुटत होत्या, तोडे चालू होते. चार सऱ्यांतले तोडे जानेवारीतच मंदावले. सूत्रकृमी संपली नाही, संपणारही नव्हती. हंगाम मात्र हातात राहिला.

एक जागा तरीही फसली. नाल्याच्या खालच्या टोकाला, जिथे शेजारच्या केळीचं पाणी उतरतं, तिथली जिवाणूंच्या सरीतली झाडंही गाठींनी भरली. पाणी साचून मुळं गुदमरत होती आणि वरून रोज नवी पिल्लं येत होती. तिथे आधी चर खणायला हवा होता. वायव्य कोपऱ्यात नेमकं उलट झालं. नांगर नाही, शेणखतातला जिवाणू नाही, तरी तिथल्या घरगुती झाडांना गाठी कमी होत्या. ते पाश्चुरियामुळेच, असं मी छातीवर हात ठेवून म्हणणार नाही; एका कोपऱ्यातल्या मूठभर झाडांवरून तसं म्हणता येत नाही. पण चिरलेल्या काही माद्यांत डिंकाचा थेंब नव्हता, हे मी स्वतः पाहिलं.

हेच पुन्हा करायचं तर दोन बदल करेन. वांग्याआधी एक हंगाम भुईमूग घेईन. आमच्याकडे वांग्यावर सर्रास दिसणारी मेलॉइडोगायने इन्कॉग्निटा भुईमुगावर वाढत नाही, त्यामुळे जिवाणूंचं ओझं निम्मं हलकं होईल. आणि दहा-वीस रोपं रानवांग्याच्या, सोलानम टॉर्वमच्या, खुंटावर कलम करून बघेन. त्या खुंटाची मुळी या सूत्रकृमीला दाद देत नाही. घरच्या बियाण्याची चव त्या खुंटावर तशीच उतरते का, हे ठरवणं मात्र काकूंच्या चुलीचं काम.

त्या वर्षी चंपाषष्ठीला मला आप्पांकडे जेवायला बोलावणं होतं. अंगणात पऱ्हाट्यांचा जाळ, त्यात उभी-आडवी वांगी, साल काळी होऊन फुटलेली. काकूंनी पाटावर ओल्या मिरच्या आणि लसूण ठेचला, कळण्याच्या भाकरी टोपल्यात होत्या. जेवण झाल्यावर आप्पा मला मागच्या पडवीत घेऊन गेले. तिथे रांगेत आठ कुंड्या होत्या आणि प्रत्येकीत टोमॅटोचं एकेक रोप. माती वायव्य कोपऱ्यातली.

"तुम्ही म्हणाला होता ना, तो जिवाणू सूत्रकृमीशिवाय वाढत नाही," ते म्हणाले. "मग म्हटलं, तिला टोमॅटो खायला घालू. दोन महिन्यांनी मुळं सावलीत वाळवून कुटून ठेवतो. पुढच्या वाफ्यात घालून बघू."